एक दिवस हाताशी ठेवून

मी कुंडलची. नोकरीची सगळी वर्षं माध्यमिक शाळेत भूगोल शिकवण्यात गेली. हिमनदीचा धडा आला की फळ्यावर यू आकाराची दरी काढायची, वर हिमगव्हर, कडेला लोंबती दरी, मधोमध हिमोढ, टोकाशी वितळलेल्या पाण्याचा प्रवाह. मुलं ते वहीत उतरवून घ्यायची आणि परीक्षेत जसंच्या तसं काढून दाखवायची. नदीचं काम शिकवताना आमच्या मुलांना काही वेगळं सांगावं लागत नाही. कृष्णा जवळच आहे. पुरात मळी कशी तुटते, गाळ कुठल्या वळणावर साचतो, विहिरीचं पाणी कधी गढूळ होतं, हे पलूस तालुक्यातल्या पोरांना पुस्तकापेक्षा जास्त कळतं. हिमनदीपाशी मात्र वर्ग गप्प व्हायचा. पाठ होतं, पण कुणाला काही विचारावंसं वाटत नव्हतं. शिक्षकाला त्या गप्पपणाचा अर्थ लगेच कळतो.

आमच्या भागातून चारधामला जाणाऱ्या गाड्या पुष्कळ. तशाच एका गाडीनं मी पहिल्यांदा गंगोत्रीला गेले. व्यवस्थापकांनी दोन तास दिले होते. त्यात दर्शन, चहा, गंगाजलाचे डबे भरणं आणि सगळ्यांची हजेरी. मंदिराच्या बाजूनं पायऱ्या वर चढत होत्या आणि त्या वाटेनं पाठीवर पिशव्या घेतलेली माणसं उतरत होती. चेहरे उन्हानं काळवंडलेले, ओठ फुटलेले. एका बाईंना विचारलं, कुठून आलात? म्हणाल्या, गोमुखाहून. अठरा किलोमीटर. मी आयुष्यभर फळ्यावर काढत आले ती हिमनदी तिथून अठरा किलोमीटरवर होती आणि माझ्या हातात दीड तास उरला होता. गाडीवाल्यांचा त्यात काही दोष नाही. चाळीस माणसं चार धाम फिरवून सुखरूप घरी आणायची तर वेळ बांधावाच लागतो. पण हिमनदी बघायची तर आपल्या पायांनी आणि आपल्या वेळानं यायचं, हे तिथंच ठरलं.

त्यानंतर बरीच वर्षं उन्हाळ्याच्या नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत जमेल तसं जात राहिले. कधी गोमुख, एकदा कुमाऊँमध्ये पिंडारी, पुन्हा गोमुख. सोबत दोघी-तिघी सहकारी, कधी कुणाचे यजमान, कधी माजी विद्यार्थी. सहल कंपनी नाही, आयोजक नाही. किर्लोस्करवाडी स्टेशनवरून पुणे, पुढं दिल्ली, हरिद्वार आणि मग उत्तरकाशीची बस. उत्तरकाशीहून गंगोत्री जवळजवळ शंभर किलोमीटर.

लोक विचारतात, बायकांनी असं एकट्यानं जायचं, भीती नाही वाटत? माणसांची भीती मला त्या दरीत कधी वाटली नाही. तयारी मात्र करावी लागते. माझे वडील औंध संस्थानच्या शाळेत शिकले. कुंडल तेव्हा संस्थानातच होतं आणि बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार शाळाशाळांत नेले होते. वडिलांनी ते म्हातारपणापर्यंत सोडले नाहीत, आम्हा भावंडांनाही सोडू दिले नाहीत. पाठीचा आणि गुडघ्याचा तो सराव मला हिमालयात उपयोगी पडला. त्याशिवाय जायच्या आधीचे दोन-तीन महिने पहाटे झरी पार्श्वनाथाच्या डोंगराकडं, सुट्टीच्या दिवशी सागरेश्वरच्या चढाला, पाठीवर पुस्तकं भरलेली पिशवी घेऊन चालायचं. रस्त्यात भेटणारे म्हणायचे, बाई, एवढी पुस्तकं कुणासाठी? शेवटी त्यांनाही माहीत झालं.

गंगोत्री राष्ट्रीय उद्यान १९८९ साली जाहीर झालं. २,३९० चौरस किलोमीटरचं, निम्म्याहून जास्त दगड आणि बर्फ. आत जायला वन विभागाचा परवाना लागतो आणि गोमुखाच्या वाटेवर दिवसाला दीडशे माणसांनाच सोडतात. हा नियम ऐकून आपल्याकडची माणसं कुरकुरतात. देवाला जायला कसला परवाना, असं मी रांगेत कितीतरी वेळा ऐकलं आहे. मला तो नियम मनापासून पटतो. त्याच वाटेवरच्या भोजबासाची भोजपत्राची झाडं कुठं गेली हे ज्यानं बघितलं, त्याला तो पटेलच. एकेकाळी तिथं भोजवृक्षांचं चांगलं रान होतं. यात्रेकरू वाढले, चहाच्या टपऱ्या वाढल्या आणि चुलीत जाळायला जवळ दुसरं लाकूड नव्हतं. इतक्या उंचीवर झाड फार सावकाश वाढतं. तोडायला एक सकाळ लागते आणि पुन्हा उभं राहायला माणसाचं अर्धं आयुष्य.

उत्तरकाशीच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. हर्षवंती बिष्ट यांनी ही गोष्ट मनावर घेतली. त्या गिर्यारोहक, १९८१ साली नंदादेवी चढलेल्या. नव्वदच्या दशकात त्यांनी वाटेत अलीकडं असलेल्या चिरबासाला रोपवाटिका केली, भोजबासाला कुंपण घालून भोजवृक्ष लावले. ते कुंपण पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आमच्या धों. म. मोहित्यांची आठवण आली. सागरेश्वरचा डोंगर माझ्या लहानपणी उघडा होता. मोहित्यांनी माणसं जमवली, झाडं लावली, कुंपण घातलं, हरणं आणून सोडली आणि १९८५ साली तिथं अभयारण्य झालं. पाणी नसलेल्या आमच्या खडकावर आणि बर्फानं गोठणाऱ्या त्या माळावर एकाच जातीचं काम झालं आहे. दोन्ही ठिकाणी ते करणारी माणसं आपला पोटापाण्याचा उद्योग सांभाळून करत होती.

वाटेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथंच बहुतेकांचं गणित चुकतं.

गंगोत्री सुमारे ३,१०० मीटरवर आहे. आपण कुंडलहून निघतो तेव्हा सहाशे मीटरही उंची नसते. रेल्वे आणि बसनं तीन-चार दिवसांत एवढं वर येतो आणि बसमध्ये बसून आल्यामुळं शरीराला काही झालं आहे असं वाटतच नाही. म्हणून उत्साहात दुसऱ्याच पहाटे निघतात. आम्ही आधी हर्सिल-धरालीला एक मुक्काम करायचो, मग गंगोत्रीत पूर्ण एक दिवस. त्या दिवशी फक्त थोडं वर चढून खाली यायचं, पाणी प्यायचं, झोपायचं. सोबतच्यांना तो दिवस वाया गेल्यासारखा वाटायचा. मी कधी त्यात तडजोड केली नाही.

निघाल्यावर दोनेक किलोमीटरवर कनखूची चौकी लागते. परवाना तपासतात, जवळचं प्लॅस्टिक मोजून नोंदवतात, अनामत ठेवून घेतात. सुरुवातीला देवदार, मग कैल, नवव्या किलोमीटरला चिरबासा. तिथून पुढं झाडं विरळ होतात आणि भागीरथी शिखरं सतत समोर राहतात. चिरबासा आणि भोजबासाच्या मध्ये गिला पहाड नावाचा टप्पा आहे. हा डोंगर म्हणजे हिमनदीनं जुन्या काळी आणून टाकलेली माती आणि दगड, एकमेकांना धड न चिकटलेले. दुपारी वारा सुटला की वरून दगड सुटतात. कड्यावर भरल (डोंगरी रानमेंढे) चरत असले तर त्यांच्या पायांनीही सुटतात. भरल दिसले की आपली माणसं फोन काढून तिथंच उभी राहतात. एका नेपाळी भारवाहकानं आम्हाला पहिल्याच वेळी समजावलं होतं, की या टप्प्यात कान वर ठेवायचे, बोलायचं नाही, थांबायचं नाही, आणि अकराच्या आत पलीकडं जायचं. शाळेत अनेक तज्ज्ञांची भाषणं मी ऐकली, पण हिमोढ म्हणजे काय हे मला त्या माणसानं शिकवलं. तो वर्षातले सहा महिने त्या दगडांखालून चालत होता.

वेळेची ही बाब पाण्यालाही लागू आहे. वाटेत डोंगरातून येणारे नाले आडवे येतात. काहींवर लाकडी ओंडक्यांचे पूल असतात, ते दर पावसाळ्यात वाहून जातात आणि पुन्हा घातले जातात. पहाटे हे नाले घोट्याएवढे असतात. दहा वाजल्यावर वरचा बर्फ वितळू लागतो आणि दुपारी तीन-चारला तेच पाणी मांडीपर्यंत येऊन दगड लोटायला लागतं. रात्री गारठा पडला की पुन्हा उतरतं. आमच्या कृष्णेला पाणी वाढतं ते पावसानं किंवा कोयनेतून सोडल्यावर. रोज सूर्याबरोबर चढणारी आणि उतरणारी नदी हा प्रकार मी पुस्तकात वाचला होता, वर्गात सांगितलाही होता. भोजबासाला दिवसभर काठावर बसून एका दगडावर पाणी कुठवर येतं याच्या खुणा वहीत टिपल्या आणि पुढच्या वर्षी मुलांना त्यावरून आलेख काढायला दिला. त्या तासाला वर्ग गप्प नव्हता. एका मुलीनं विचारलं, मग बाई, ढगाळ दिवशी पाणी कमी येत असेल का? येतं. तेही मी पुढं बघून आले.

आता एका पैलवान मुलाची गोष्ट. हा अनुभव मी माझ्याबरोबर येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आले आहे.

कुंडलचं कुस्ती मैदान सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. आमच्याकडं शरीर कमावलेल्या पोराला मान आहे आणि असावाही. माझा एक माजी विद्यार्थी तालमीत वाढलेला, पुढं नोकरीला लागलेला, एका दिवाळीत आमच्याबरोबर आला. स्वभावानं फार चांगला. गंगोत्रीतून निघताच त्यानं आमच्यातल्या दोघींच्या पिशव्या आपल्या खांद्यावर घेतल्या आणि पुढं निघून गेला. आम्ही भोजबासाला दुपारी पोचलो तेव्हा तो येऊन तीन तास झाले होते, उघड्या अंगानं उन्हात बसला होता. संध्याकाळी जेवायला बोलावलं तर म्हणाला, भूक नाही. ज्याला मी आठ भाकरी खाताना बघितलं आहे तो मुलगा भूक नाही म्हणाला, तेव्हाच मला काळजी लागली.

"डोकं दुखतंय का रे?"

"थोडं दुखतंय बाई. ऊन लागलं आसंल. झोपलो की जाईल."

रात्री दोनदा उलटी झाली. सकाळी डोकं तसंच. पावलं सरळ पडत होती, बोलणं नीट होतं, एवढं चांगलं. चार हजार मीटरच्या आसपास श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या थोडाच वर असतो. शरीर हळूहळू त्याची सवय करून घेतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो. मांड्या किती कमावल्या आहेत, छाती किती रुंद आहे, याच्याशी त्या सवयीचा संबंध नसतो. उलट दणकट माणूस भरभर चढतो म्हणून अधिक सापडतो. आमच्यातल्या सर्वांत बारीक, दम्याच्या भीतीनं सावकाश पावलं टाकणाऱ्या बाई ताज्यातवान्या होत्या.

मी म्हटलं, आपण दोघं खाली जायचं. त्याला ते फार लागलं.

"बाई, चार किलोमीटर राह्यलंय. मी चिरबासापर्यंत परत न्हाई जाणार. तिकडं कुंडलात काय सांगू?"

मी त्याला सांगितलं की डोकं दुखत असताना वर जायचं नाही हा इथला नियम आहे आणि तो चढणाऱ्या मोठमोठ्या लोकांनाही लागू आहे. इथं कुणी निकाल लावायला बसलेलं नाही. बाकीच्या दोघी भारवाहकाबरोबर गोमुखाकडं गेल्या, आम्ही दोघं सावकाश उतरलो. चिरबासाला आलो, म्हणजे दोनेकशे मीटर उतरलो, आणि दुपारी त्यानं स्वतःहून मॅगी मागितली. इतकं सोपं औषध आहे ते. पण वेळेवर घ्यावं लागतं. रात्रभर थांबून, गोळ्या खाऊन, हट्टानं वर गेलेल्या आणि मग खाटेवर बांधून खाली आणलेल्या एका यात्रेकरूला मी त्याआधी बघितलं होतं. त्यामुळं माझं मन डगमगलं नाही.

तो मुलगा नंतर पुन्हा आला, गोमुखही बघून आला. त्यावेळी त्याची पावलं कीर्तनाला निघालेल्या म्हाताऱ्या माणसाइतकी सावकाश होती.

स्वतंत्रपणे जाण्यात लोक पैशांचा हिशेब बघतात. पैसे वाचतात हे खरं. पण खरा फायदा मला त्या सकाळी कळला. आयोजक असता तर सगळा गट, ठरलेली बस, पुढच्या मुक्कामाचं आरक्षण, सगळ्यांचं मन, असं पुष्कळ काही मध्ये आलं असतं. आम्ही परतीच्या तिकिटाआधी एक दिवस मोकळा ठेवलेला होता. तो दिवस असला की माणूस शहाणपणानं वागू शकतो. त्याचबरोबर जबाबदारीही सगळी आपली. मागं फिरा असं सांगणारा कुणी नसतो, तेव्हा सोबतच्यांचं तोंड बघून, त्यांनी किती खाल्लं हे बघून, आभाळ बघून आपणच ठरवायचं असतं. एका मे महिन्यात चिरबासालाच बर्फ पडू लागला आणि आम्ही तिथून परत फिरलो. त्या खेपेला हिमनदी दिसली नाही. त्याची मला कधी खंत वाटली नाही.

आणि अशा वाटेवर आपण स्वतंत्र असतो ते कितपत? परवाना देणारा लिपिक, ओंडके टाकणारे मजूर, भोजबासाच्या लालबाबांच्या आश्रमात अनोळखी माणसाला गरम खिचडी वाढणारे हात, सरकारी पर्यटन निगमच्या विश्रामगृहातला रजई आणून देणारा पोरगा, ही माणसं नसती तर आमच्या तयारीला काही किंमत नव्हती. रात्री पाणी गोठतं अशा ठिकाणी, आम्ही कोण कुठले हे न विचारता त्यांनी आम्हाला निवारा दिला. याचं ऋण मी मानते.

आता हिमनदीबद्दल.

भोजबासाहून चार किलोमीटर. वाट शेवटी दगडांतून जाते आणि जवळजवळ नाहीशी होते. पहिल्यांदा येणाऱ्याच्या मनात पांढरंशुभ्र काही असतं. समोर येतं ते दगडखाणीतल्या ढिगाऱ्यासारखं, राखाडी, मातकट, धोंड्यांनी झाकलेलं. अनेक यात्रेकरू तिथं उभं राहून विचारतात, गोमुख कुठं आहे? मग नजर स्थिरावली की त्या ढिगाऱ्याच्या पोटात निळसर-काळी, ओली, भेगाळलेली भिंत दिसते आणि तिच्या बुडातून दुधाळ पाणी जोरात बाहेर पडताना दिसतं. दोन्ही बाजूंच्या डोंगरांवरून सतत पडणारे दगड हिमनदी आपल्या पाठीवर घेऊन येते, म्हणून ती अशी दिसते. ती मागं सुमारे ३० किलोमीटर चौखंब्याच्या पायथ्यापर्यंत पसरली आहे. आपल्याला दिसतं ते फक्त टोक. वर ६,५४३ मीटरचं शिवलिंग उभं असतं. नजर तिकडं जाते आणि बर्फाकडं कुणी नीट बघत नाही.

बर्फ वाहतो हे मुलांना पटत नाही. घट्ट वस्तू वाहील कशी? तिथं तासभर गप्प बसलं की पटतं. आतून कडकड आवाज येतात, कुठंतरी दगड सुटून घरंगळतो, भेगेतून पाणी ठिबकतं. बर्फ स्वतःच्या प्रचंड वजनाखाली आतल्या आत वाकतो, बुडाशी पाण्यावरून सरकतो आणि जाताना खालचा खडक घासून काढतो. त्या घासण्याचा पुरावा मी घरी आणला. राष्ट्रीय उद्यानातून दगड, भोजपत्र, काही उचलायचं नसतं, मी कधी उचललं नाही. पण गंगाजल आणायला मुभा आहे आणि आमच्याकडं ते मागतातच. यात्रेहून आलेल्या माणसाचं मावंदं होतं, तांब्यातल्या गंगेची पूजा होते. भोजबासाला काठावरून भरलेलं पाणी मी काचेच्या बाटलीत वर्गात ठेवलं. दोन दिवसांनी तळाशी राखाडी पिठाचा थर बसला होता. बोटांवर चोळला तर तेलकट लागावा इतका बारीक. शेजारी कृष्णेच्या पुराच्या पाण्याची बाटली ठेवली, तिच्या तळाशी काळपट तांबूस चिकण गाळ. एक गाळ बर्फानं खडक दळून केलेला, दुसरा पावसानं सह्याद्रीची माती धुऊन आणलेला. या दोन बाटल्यांनी माझं कितीतरी शिकवणं सोपं केलं.

हिमनदीच्या तोंडाशी जायचं नाही, हे मी अगदी आग्रहानं सांगते. आता वाट खचल्यामुळं आणि बंधनांमुळं बरंच अलीकडंच थांबावं लागतं, ते योग्यच आहे. पूर्वी माणसं थेट तोंडाच्या बर्फाच्या कमानीखाली जाऊन स्नान करायची. एका मे महिन्यात आम्ही लांब एका मोठ्या धोंड्यावर बसलो होतो. सकाळी कमानीजवळ कॅन भरणारी चार-पाच माणसं होती, ती निघून गेली. ऊन तापल्यावर भिंतीचा एक तुकडा सुटला. आधी काही ऐकू आलं नाही, तो पाण्यात पडलेला दिसला, मग आवाज आला. पाणी उसळून सकाळी ती माणसं उभी होती त्या वाळूवर पसरलं आणि मागं बर्फाचे तुकडे टाकून गेलं. २०१६ च्या जुलैत तर तोंडाचा मोठा भाग ढासळला आणि बर्फाचे तुकडे अठरा किलोमीटर खाली गंगोत्रीपर्यंत वाहत आले. श्रद्धेला जवळ जाण्याची ओढ असते हे मी समजू शकते, माझ्या आईलाही ती होती. गंगा भोजबासालाही तीच आहे.

दुसरं बघायचं ते अंतर. भूवैज्ञानिक ऑडन यांनी १९३५ साली गंगोत्री हिमनदीच्या तोंडाचा नकाशा केला. तेव्हापासून १९९६ पर्यंत हे तोंड अकराशे मीटरहून अधिक मागं सरकलं, म्हणजे वर्षाला सरासरी एकोणीस मीटर. आकडा वर्गात सांगितला तर मुलं लिहून घेतात. तिथं तेवढं अंतर दगडधोंड्यांतून पायांनी चाललं की एक तास जातो, आणि आपण चालतो आहोत त्या सगळ्या जागेवर माझ्या आईच्या लहानपणी बर्फ होता हे कळतं. पिंडारीला झीरो पॉइंटवरून बर्फ आता लांब वर दिसतो आणि मध्ये खचलेला कडा आहे. जुनी प्रवासवर्णनं वाचून गेलेल्याला ती जागाच ओळखू येत नाही.

गंगा आटणार का, असं मला गावात विचारतात. मी त्यांना एवढंच सांगते की गंगेत पावसाचं, झऱ्यांचं आणि हिवाळ्यात पडणाऱ्या बर्फाचंही पुष्कळ पाणी असतं, एकट्या हिमनदीवर ती चालत नाही. पण वैशाखात, जेव्हा पाऊस नसतो आणि शेताला पाणी लागतं, तेव्हा वरच्या दरीत वितळणारा बर्फ आणि हिमनदीच पाणी देतात. आपल्याकडं ते काम कोयनेचं धरण करतं. ताकारी योजनेचा पंप उन्हाळ्यात बंद पडला की आमच्या ऊस-द्राक्षवाल्यांची झोप उडते. धरणात यंदा पाणी किती, हे आम्ही रोज वर्तमानपत्रात बघतो. हिमनदीतला साठा असा सहज मोजून छापता येत नाही आणि तो एका पावसाळ्यात पुन्हा भरतही नाही.

५ ऑगस्ट २०२५ ला धराली गेली. खीरगाड नाल्यातून आलेल्या चिखलानं आणि दगडांनी काही क्षणांत बाजारपेठ झाकून टाकली. आम्ही जिथं मुक्काम करायचो, सफरचंदं घ्यायचो, सकाळी उन्हात बसून चहा प्यायचो, ती जागा त्यात होती. त्या दिवसांत महाराष्ट्रातले अनेक यात्रेकरू वर अडकले होते आणि आमच्या भागातून मला फोन येत होते, कारण वाट माहीत असलेली म्हणून लोक मला ओळखतात. मी काय सांगणार होते? धराली त्या नाल्यानंच पूर्वी आणलेल्या गाळाच्या पंख्यावर वसलेली होती. भूगोलाची कुणीही विद्यार्थिनी नकाशावर बोट ठेवून ते सांगेल. पण सपाट जमीन दुर्मिळ असलेल्या दरीत माणूस तिथंच घर बांधणार आणि यात्रा वाढली की तिथंच हॉटेल उभं राहणार. २०१९ च्या महापुरात आमच्याच तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. पूररेषेच्या आत बांधलेली घरं आमच्याकडंही आहेत. त्यामुळं तिकडच्या लोकांना दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. ज्यांनी आम्हाला रजया दिल्या, त्यांच्यातल्या काहींचा पत्ता अजून लागलेला नाही.

आता गुडघे पूर्वीसारखे नाहीत. चिरबासाच्या पुढं जायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं आहे आणि मी ते मानते.

माझं सांगणं आहे ते मुख्यतः आमच्या भागातल्या शिक्षकांना. दिवाळीची सुट्टी तुम्हाला आहे, तेव्हा आभाळ स्वच्छ असतं, नाल्यांना पाणी कमी असतं, थंडी मात्र कडक असते. उद्यान साधारण नोव्हेंबरअखेरीला बंद होतं, त्याआधी जाऊन या. पावसाळ्यात जाऊ नका. गंगोत्रीत एक पूर्ण दिवस थांबा, परतीच्या तिकिटाआधी एक दिवस मोकळा ठेवा, सोबत कुणीतरी असू द्या, स्थानिक भारवाहक घ्या आणि त्याला घासाघीस न करता पैसे द्या. वह्या, पाण्याच्या खुणांचे आलेख आणि नकाशे माझ्याकडं नीट ठेवलेले आहेत. ज्याला हवे असतील त्यानं कुंडलला येऊन घेऊन जावे.